आधी ठिणगी, मग पेट्रोल, सुई सगळ्यात शेवटी

जमिनीवर छान चालणारे इंजिन विमान हवेत गेल्यावर दोन मिनिटांत बंद पडते. विमान कसेबसे उतरते, मालक पुढचे कव्हर काढतो आणि त्याचा स्क्रू-ड्रायव्हर थेट कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, सुईकडे जातो; किती पेट्रोल जायचे ते ही सुई ठरवते. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या मैदानावर हे नेहमीचेच आहे, आणि ही सवय मोडायला हवी असे मला मनापासून वाटते. सुई फिरवली की इंजिनाचे वागणे थोडेफार बदलतेच, त्यामुळे दोष सापडल्याचा भास होतो. मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि त्यात चुकलेल्या सेटिंगची भर पडते.

इथे बोलतो आहे ते साधारण २० ते ६० सीसीच्या, एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांबद्दल. मॉडेल विमानांत पेट्रोल नवे नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘ब्राउन ज्युनियर’ हे ठिणगीवर चालणारे छोटे इंजिन लोकप्रिय झाले होते. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग, बाजारात आला. त्यामुळे विमानात कॉइल आणि बॅटरीचे ओझे वाहण्याची गरज उरली नाही आणि ठिणगीची इंजिने मागे पडली. ती परतली ती लाकूड कापणाऱ्या चेन-सॉच्या रूपाने. हौशी लोकांनी त्या यंत्रांची इंजिने काढून विमानाच्या नाकावर बसवली. म्हणूनच आजच्या मॉडेल इंजिनांवर बहुतेक वेळा वॉलब्रो कंपनीच्या धर्तीचा, चेन-सॉच्या जातीचा कार्बोरेटर दिसतो. निम्म्याहून अधिक दुखणी तिथेच असतात, पण त्याच्याकडे वळण्याआधी ठिणगी तपासून घ्यावी.

पंख्याच्या बुडाशी एक चुंबक बसवलेले असते. ते हॉल सेन्सरसमोरून, म्हणजे चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरसमोरून, गेले की सीडीआय मॉड्यूल ही ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी प्लगला हजारो व्होल्टचा झटका देते. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० ठिणग्या. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या सुमारे २८ अंश आधी ठिणगी पडावी लागते, कारण हवा-पेट्रोलचे मिश्रण पूर्ण पेटायला वेळ लागतो. ७,२०० फेऱ्यांवर हे २८ अंश पार व्हायला जेमतेम ०.६५ मिलिसेकंद लागतात. मंद गतीत तेवढ्याच अंशांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून मॉड्यूल तेव्हा ठिणगी उशिरा पाडते. सेन्सरचा स्क्रू थरथरीने सैल झाला की हे सगळे गणित बिघडते. हाताने पंखा फिरवताना इंजिन उलटा झटका देऊ लागले, तर आधी तो स्क्रू पाहावा.

तपासणीसाठी इग्निशन बंद करून प्लग काढायचा, तो इग्निशनच्या वायरच्या टोपीत घट्ट बसवायचा आणि त्याचे धातूचे अंग सिलिंडरच्या पात्यांना टेकवून ठेवायचे, मात्र प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. मग इग्निशन चालू करून पंखा सावकाश फिरवायचा. टिक असा आवाज आणि निळसर ठिणगी आली पाहिजे. टोपी मोकळी सोडून ही चाचणी कधीही करू नये. झटक्याला वाट मिळाली नाही तर मॉड्यूल जळू शकते. प्लग बसलेला असताना तर इग्निशन चालू असलेल्या इंजिनाचा पंखा सहज म्हणूनही हलवू नये. नुसते चुंबक सेन्सरपुढून गेले तरी इंजिन पेट घेऊ शकते, आणि १८ इंची लाकडी पंखा बोटांची गय करत नाही.

उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणजे प्लग चांगला, असे मात्र नाही. हवा दाबली गेली की तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. बाहेर व्यवस्थित ठिणगी देणारा प्लग सिलिंडरमधल्या दाबाखाली मिस मारू शकतो. फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर आहे ना हे पाहून, खात्रीचा दुसरा प्लग लावून बघणे हाच स्वस्त उपाय. टोपी नीट बसलेली नसेल तर आणखी एक उपद्रव होतो. ठिणगी ही रेडिओलहरींची उगमभूमीच आहे. हर्ट्झने १८८०च्या दशकात प्रयोगशाळेत पहिल्या रेडिओलहरी ठिणगीतूनच निर्माण केल्या. म्हणून वायरवर धातूच्या जाळीचे आवरण असते आणि रिसीव्हर इग्निशनपासून दूर ठेवतात.

ठिणगी ठीक असेल तर चोक लावून पंखा काही वेळा फिरवायचा आणि प्लग पुन्हा काढून पाहायचा. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे. कोरडा असेल तर वाटेत कुठेतरी अडले आहे.

या कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा तरंगणारा फ्लोट नसतो. झाड तोडताना चेन-सॉ आडवी होते, उलटी होते, विमानही तसेच, आणि फ्लोट सरळ उभा असला तरच काम करतो. त्याऐवजी इथे दोन पातळ पडदे असतात. पहिला पंपाचा. दट्ट्या वर-खाली होताना क्रँककेसमधला, म्हणजे दट्ट्याखालच्या बंद कप्प्यातला, दाब कमी-जास्त होतो, त्याचे धक्के एका बारीक छिद्रातून या पडद्याच्या एका बाजूला लागतात. पडद्यातच कापलेल्या दोन जिभा हृदयाच्या झडपांसारख्या आळीपाळीने उघडतात, मिटतात आणि टाकीतून पेट्रोल ओढतात. पुढे नखापेक्षा लहान गाळणी लागते आणि मग दुसरा पडदा, खरा हिशेबनीस. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला झाकणातल्या छिद्रातून येणारी बाहेरची हवा. इंजिनाने पेट्रोल शोषले की त्या कप्प्यातला दाब उतरतो, बाहेरची हवा पडदा आत ढकलते, पडदा एक छोटी तरफ दाबतो, तरफ झडप उघडते आणि जेवढे गेले तेवढे पेट्रोल आत येते.

हा पडदा लवचीक आहे तोवरच हिशेब जुळतो. इंजिन चोकवर सुरू होते, चार-पाच सेकंद चालते आणि मरते, किंवा पूर्ण थ्रॉटल दिल्यावर उपाशी पडते, अशा वेळी झाकण उघडून पडदा बोटाने हळूच हलवून पाहावा. चांगला पडदा मऊ असतो आणि आवाज करत नाही. कडक झालेला कडकड वाजतो. त्याचा संच बाजारात मिळतो आणि फार महाग नसतो. गाळणीही त्याच वेळी पाहून घ्यावी. आतल्या छिद्रांत तार मात्र घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी कार्बोरेटर कायमचा बिघडतो.

पडदे चांगले असून पेट्रोल येत नसेल तर टाकीकडे वळावे. ग्लो इंजिनांसाठी चालणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि मऊ पडते. विमान नाकावर आपटले असेल तर टाकीतल्या नळीच्या टोकाचे वजन पुढे जाऊन अडकते; मग इंजिन सरळ उडताना चालते आणि नाक वर केले की बंद. हवेची नळी चोंदली असेल तर टाकीत निर्वात वाढत जातो. टाकीचे टोपण सैल केल्यावर फस्स असा आवाज आला की हा दोष पक्का.

एवढे सगळे स्वच्छ निघाल्यावरच सुया. ‘एल’ खुणेची मंद गतीची, ‘एच’ खुणेची पूर्ण गतीची, दोन्ही साधारण दीड फेरा उघडून सुरुवात करतात. मंद गतीवरून थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन काही न बोलता गप्पकन बंद पडले तर मिश्रण विरळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी; ‘एल’ उघडायची. अडखळत, धूर सोडत, मग उचल घेतली तर दाट आहे. पूर्ण थ्रॉटलवर ‘एच’ हळूहळू बंद करत वेग सर्वांत जास्त होतो ती जागा शोधायची आणि तिथून इंजिनाचे मिनिटाला शे-दोनशे फेरे कमी होतील एवढी सुई परत उघडायची. हवेत पंख्यावरचा भार हलका होतो, वेग वाढतो. जमिनीवर नेमक्या टोकाला लावलेले मिश्रण तिथे विरळ पडते, आणि विरळ मिश्रण म्हणजे उष्णता. टू-स्ट्रोकचे वंगण पेट्रोलमधूनच येत असल्याने पेट्रोल कमी झाले की तेलही कमी होते आणि दट्ट्या ओरखडतो. यावर कोणी तेलच वाढवायला सांगतो, तेव्हा एक गोष्ट विसरली जाते: त्याच सुईतून जास्त तेल गेले की पेट्रोल तेवढे कमी जाते आणि मिश्रण आणखी विरळ होते. पेट्रोल आणि तेलाच्या ३०:१ ते ४०:१ या पट्ट्यात उत्पादकाने जे सांगितले असेल ते धरावे. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली तेल.

आपल्याकडे आता पेट्रोलचाच विचार वेगळा करावा लागतो. २०२३ पासून पंपांवर ई२० येऊ लागले, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो, आणि ई२०ला सुमारे साडेतेरा. तेवढ्याच हवेसाठी जवळजवळ ९ टक्के जास्त इंधन हवे. जुन्या पेट्रोलवर बसवलेली सुई तशीच ठेवली तर इंजिन विरळ चालणारच. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळाभर कॅनमध्ये ठेवलेले मिश्रण दिवाळीत वापरणे म्हणजे पडद्यांशी वैर. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरीही कळते. उघड्या जागी, आग दूर ठेवून, मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी हलवून ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते; खालचा थर ३० मिलीच्या आसपास गेला तर ते ई२० आहे. उड्डाणे संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे हा नेम प्रत्येकाने पाळावा.

स्वच्छ इंधन आणि नेमके मिश्रण यांनी काय साधते हे मेनार्ड हिल यांनी दाखवले. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांचे ‘टॅम-५’ हे पाच किलोपेक्षा हलके मॉडेल न्यूफाउंडलंडहून निघाले आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडला उतरले, सुमारे ३,००० किलोमीटर. १० सीसीचे ते फोर-स्ट्रोक इंजिन कंदिलात वापरतात त्या शुद्ध इंधनावर चालले. वाटेत सुई फिरवायला कोणी नव्हते.

आता सुरुवातीचे कोडे: जमिनीवर ठीक, हवेत बंद. थ्रॉटल बंद केल्यावर वेग पटकन उतरत नसेल, तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधली गॅस्केट फटीतून हवा ओढत असते. एका सिलिंडरची थरथर स्क्रू सैल करतेच. ते आवळूनही दोष राहिला तर दोन संशयित उरतात, उष्णता आणि वारा. उष्णतेचा दोष काही मिनिटांनी येतो आणि इंजिन गार झाल्यावरच ते परत सुरू होते. कव्हरमधून हवा बाहेर जायची वाट आत येण्याच्या वाटेच्या दुप्पट तरी हवी. वाऱ्याचा दोष वेगाबरोबर लगेच बदलतो. ताशी ८० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब सुमारे ३०० पास्कल, म्हणजे ३ सेंटिमीटर पाण्याचा दाब होतो. किरकोळ वाटतो, पण अडीच सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर तो १५ ग्रॅम वजनाइतका भार टाकतो, आणि त्या पडद्याची तरफ इतक्याच भारांवर चालते. वारा झाकणाच्या छिद्रात घुसला तर मिश्रण दाट होते, छिद्रावरून घासत गेला तर विरळ. कितीही सुई फिरवली तरी हे सुटत नाही, कारण जमिनीवर तो वारा नसतोच. झाकण कार्बोरेटरवरून काढून, त्याच्या छिद्रावर पितळेची छोटी नळी डाग देऊन बसवायची, तिला रबरी नळी जोडून तिचे टोक आगभिंतीमागे, म्हणजे इंजिन ज्या आडव्या फळीवर बसते तिच्यामागे, विमानाच्या पोटात, शांत हवेत सोडायचे. मग ‘एच’ सुई पुन्हा पहिल्यापासून लावावी.