गोवा ट्रान्सचे अल्बम

गोवा ट्रान्स : इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार. उत्तर गोव्यातील हणजूण, वागातोर, शापोरा या किनारी गावांतल्या रात्रभराच्या मैफलींतून १९८० च्या दशकात तो आकाराला आला आणि साधारण १९९४ ते १९९८ या काळात ऐन भरात होता. नाव गोव्याचे असले तरी त्याचे बहुतेक अल्बम लंडन, तेल अवीव, हॅम्बर्ग अशा शहरांतल्या स्टुडिओंत घडले. नाशिकसारख्या समुद्रापासून दूरच्या गावात हे संगीत किनाऱ्यावरच्या पार्टीतून येत नाही, अल्बममधून येते. म्हणून या नोंदीत मैफलीपेक्षा अल्बमला अधिक जागा दिली आहे. सत्तर-पंचाहत्तर मिनिटे एका जागी बसून ऐकण्याचे हे संगीत आहे आणि त्याची गोडीही तशीच ऐकल्यावर कळते.

गोव्यात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतले हिप्पी येऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गिल्बर्ट लेव्ही त्यांपैकीच एक. पुढे तो गोवा गिल या नावाने ओळखला गेला. सुरुवातीला किनाऱ्यावर गिटार आणि रॉक वाजे. ऐंशीच्या दशकात फ्रेड डिस्को, लोराँ आदी डीजेंनी बेल्जियमच्या फ्रंट २४२ सारख्या गटांचे इलेक्ट्रॉनिक संगीत तिथे आणले. त्यातले गाण्याचे शब्द ते कापून टाकत आणि उरलेला वाद्यांचा भाग कॅसेटवर पुन्हा पुन्हा जोडून लांबवत. ट्रान्सचे मूळ या कात्रीत आहे. शब्द गेले, ठेका राहिला, आणि ऐकणाऱ्याचे मन कशाच्याही अर्थाला अडकेनासे झाले.

गोवा गिलची आणखी एक ओळख नाशिककरांना जवळची वाटावी. ‘जुना आखाडा’ या साधूंच्या आखाड्याची दीक्षा घेऊन तो बाबा मंगलानंद झाला होता. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर ज्या शैव आखाड्यांची स्नाने होतात, त्यांत हा आखाडा असतो. रात्रभर नाचून पहाटेच्या उजेडाला सामोरे जाणे हे गिलच्या लेखी ध्यानच होते. २०२३ साली तो वारला. त्याच्या रात्रींचा क्रम ठरलेला असे : मध्यरात्रीला काळोखे, कर्कश, अंगावर येणारे संगीत, सूर्योदयाला मोकळे, सुरेल. चांगल्या अल्बमची मांडणीही बऱ्याचदा याच क्रमाने केलेली आढळते.

रचनांच्या घडणीमागे एक साधे यांत्रिक कारणही आहे. गोव्याच्या उन्हाधुळीत व्हिनाइल तबकड्या वाकत, म्हणून डीजे डॅट नावाच्या लहान डिजिटल टेपा वापरत. तबकडीचा वेग हाताने कमीजास्त करून दोन गाण्यांचे ठेके जुळवता येतात. डॅट यंत्रांवर ती सोय नव्हती. मग रचनाच अशा केल्या गेल्या की आरंभी आणि शेवटी ठेका नसलेला, धुक्यासारखा पसरलेला भाग असावा. एकीचे धुके दुसरीच्या धुक्यात मिसळले की काम झाले. अल्बम ऐकताना मिनिट-दीड मिनिट ‘काहीच होत नाही’ असे वाटते ते यामुळे. नव्या श्रोत्याने हा भाग पुढे ढकलू नये. ख्यालाआधी तानपुरे जुळताना ऐकावेत तसा तो ऐकावा.

या संगीताची लय मिनिटाला साधारण १३५ ते १५० मात्रांची असते. प्रत्येक मात्रेवर खोल ठोका पडतो आणि एकेका मात्रेत चार-चार स्वर धावतात, म्हणजे आपल्याकडची चौगुन. १४५ च्या लयीत सेकंदाला साडेनऊच्या वर स्वर कानावर येतात. एवढ्या वेगात कान स्वर मोजणे सोडून देतो आणि त्यांची एकसंध झिलई ऐकू लागतो. मग दोन, तीन, चार सुरावटी एकमेकींवर चढतात. कुठली कधी आली आणि कधी विरली ते कळतही नाही. यातला पिळवटलेला, चिरचिरणारा आवाज बहुधा रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा असतो. १९८० च्या दशकारंभी गिटारवादकांना बेसची, म्हणजे खर्जातल्या सुरांची, साथ म्हणून निघालेले हे यंत्र त्या कामात सपशेल फसले, वापरलेले स्वस्तात मिळू लागले आणि तरुण संगीतकारांच्या हाती लागले. त्याच्या फिल्टरची कळ हळूहळू फिरवली की एकच सूर घशातून, नाकातून, मग पत्र्यातून आल्यासारखा बदलत जातो. स्वर तेच असतात, रंग मात्र सतत बदलतो. गोवा ट्रान्सचे मुख्य आकर्षण याच बदलात आहे.

मराठी कानाला हे संगीत परके का वाटत नाही, याचे उत्तर स्वरांत सापडते. बेस बहुधा एकाच स्वरावर ठाण मांडून असतो. तो या संगीताचा षड्ज समजावा. वरच्या सुरावटींत कोमल रिषभ फार येतो. पाश्चात्त्य संगीतकार ज्याला फ्रिजियन म्हणतात ते आपल्या भैरवी थाटाचे स्वर. त्यातला गंधार शुद्ध केला की बसंत मुखारीचे स्वर होतात, पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी, आणि गोवा ट्रान्समध्ये हे मिश्रण जागोजागी भेटते. याला राग म्हणणे मात्र चूक ठरेल. वादी-संवादी नाही, चलन नाही, मींड नाही. स्वर शिडीच्या पायऱ्यांसारखे सुटे आहेत. जुळते ते वेगळेच : बढतीचा धीर. सोळा किंवा बत्तीस मात्रांच्या आवर्तनागणिक एखादीच गोष्ट बदलते आणि त्या बदलाची वाट पाहण्यातच तंद्री लागते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात नाशिकला आश्रम काढून रामनामाचा ध्यास घेतला. रामधुनीत एकच ओळ शंभरदा येते, तरी कंटाळा येत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून मन स्थिर होते, हा अनुभव या गावाला नवा नाही.

नाशिक ढोलाशी तुलना ओघानेच येते. ढोलही अंग हलवतो, तोही गर्दीला एका लयीत बांधतो. पण ढोल-ताशात ठोका माणसाच्या दंडातून येतो. वादक दमतो, लय किंचित पुढे धावते, टिपरीचा जोर बदलतो आणि त्या चढउतारातच मिरवणुकीचा जीव असतो. ट्रान्सचा ठोका तासभर केसभरही हलत नाही. तो हलत नाही म्हणूनच वरच्या रंगांकडे लक्ष जाते.

अल्बमांत पहिला मान ब्रिटिश संगीतकार सायमन पॉस्फर्डचा. हॅलुसिनोजेन या नावाने त्याने काढलेले ‘ट्विस्टेड’ (१९९५) आणि ‘द लोन डिरेंजर’ (१९९७) हे या शैलीचे मापदंड मानले जातात. त्यांत एकाच रचनेत शेकडो बारीक आवाज कोरलेले आहेत. दहाव्यांदा ऐकतानाही नवा सापडतो. इस्रायलच्या अॅस्ट्रल प्रोजेक्शनचा ‘डान्सिंग गॅलेक्सी’ (१९९७) हा सुरेलपणासाठी ऐकावा. सक्तीची लष्करी सेवा संपवून भारतात भटकायला येणाऱ्या तरुणांनी हे संगीत तिकडे नेले. इटलीच्या प्लेयाडियन्सचा ‘आय. एफ. ओ.’ (१९९७) सर्वांत दाट विणीचा. सुरुवात त्यापासून करू नये, दम लागतो. बेन वॉटकिन्सच्या जुनो रिअॅक्टरने ‘बायबल ऑफ ड्रीम्स’ (१९९७) मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अमाम्पोंडो या तालवाद्यवृंदाला सोबत घेतले. ढोलावर वाढलेल्या कानाने ‘काँगा फ्यूरी’ ही त्यातली रचना आधी ऐकावी. युथ ऊर्फ मार्टिन ग्लोव्हरची ड्रॅगनफ्लाय, राजा राम या मूळच्या ऑस्ट्रेलियन बासरीवादकाची टिप, शिवाय ब्लू रूम रिलीज्ड या ब्रिटिश कंपन्यांनी या संगीताचा प्रसार केला. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्डचे ‘गोवा मिक्स’ बीबीसी रेडिओ १ वरून प्रसारित झाले आणि किनाऱ्यावरची गोष्ट घराघरांत गेली. १९९८ नंतर शैली ओसरली, तिच्यातून अधिक कोरडा, बेसप्रधान सायट्रान्स (सायकेडेलिक ट्रान्स) निघाला. २००४ पासून बेल्जियमच्या सनट्रिप रेकॉर्ड्सने जुनी सुरेल धाटणी पुन्हा उभी केली. स्वीडनच्या फिल्टेरियाचा ‘स्काय इनपुट’ हा तिथलाच.

‘सायकेडेलिक’ या विशेषणामागे एलएसडीसारख्या पदार्थांचा इतिहास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते बंद आहेत. या संगीताला त्यांची गरजही नाही : ज्याला तंद्री म्हणतात ती लय, पुनरावृत्ती आणि रंगबदल यांनीच लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना मनाई आली आणि गोव्यातल्या रात्रभराच्या मैफलींना चाप बसला. त्यामुळेही अल्बमचे मोल वाढले.

नाशिकरोडला मंगला एक्स्प्रेसमध्ये बसले की कोकण रेल्वेने थेट मडगाव गाठता येते. ज्याला किनारा पाहायचा त्याने जरूर जावे. ऐकण्यासाठी मात्र कानावर बसणारा चांगला हेडफोन पुरे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून बेस पोचतच नाही आणि मग उरते ती नुसती किरकिर. ‘हे कसलं संगीत’ असे म्हणणाऱ्या अनेकांनी ते असेच ऐकलेले असते. वेळ पहाटेची उत्तम. डिसेंबरातल्या थंडीत गंगापूर धरणाच्या रस्त्याला, द्राक्षबागांवर धुके असताना, अल्बमचा शेवटचा एक तृतीयांश भाग नेमका उजाडताना यावा असा हिशेब ठेवून निघावे.

वेगवान लय झेपत नसेल त्यांनी राजा राम आणि पॉस्फर्ड यांच्या श्पाँगल या संथ उपक्रमापासून सुरुवात करावी. त्यांच्या ‘आर यू श्पाँगल्ड?’ (१९९८) या अल्बममधली अखेरची, जवळजवळ वीस मिनिटांची रचना दोघांनी भारतात पाहिलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून सुचली. ते ग्रहण २४ ऑक्टोबर १९९५ चे, ऐन दिवाळीतले. नाशिकमध्ये त्या सकाळी ते खंडग्रास दिसले होते.