निवडणुकीचा ड्राय डे कुठून आला आणि कोणत्या कायद्याने लागतो

महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं आणि २३ तारखेला मतमोजणी. मतदानाची बंदी १८ तारखेच्या संध्याकाळी ६ ला सुरू होऊन २० तारखेच्या संध्याकाळी ६ ला संपणारी, मोजणीची वेगळी. गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा बंद शटरच दिसतं, त्यामुळे दोन्ही एकाच नियमातून येतात असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात मतदानाआधीचे ४८ तास संसदेच्या कायद्यातून येतात आणि मोजणीचा दिवस राज्याच्या दारूबंदी कायद्यातून. लायसन्सधारक आणि जिल्हा प्रशासन यांच्यातली भांडणं या सांध्यावरच होतात.

मताच्या बदल्यात दारू पाजणं हा गुन्हा आपल्याकडे इंग्रजी कायद्यातून आला. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघड होतं, कोणी कोणाला मत दिलं ते चारचौघांत कळायचं, आणि उमेदवाराच्या खर्चाने दारूचे गुत्ते भरलेले असायचे. १८५४ च्या कायद्याने मतदाराला खाऊपिऊ घालून मत वळवणं हा भ्रष्टाचार ठरवला. १८८३ च्या कायद्याने खर्चाला मर्यादा घातली आणि दारूविक्रीच्या जागेत उमेदवाराची प्रचार कचेरी चालवायला मनाई केली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर भारतात निवडणुका होऊ घातल्या, तेव्हा १९२० मध्ये भारतीय दंड संहितेत निवडणूक गुन्ह्यांचं ९-अ हे प्रकरण घातलं गेलं. त्यात एक गंमत आहे. पैशांची लाच दिली तर एक वर्षापर्यंत कैद, पण तीच लाच खाणं, पिणं किंवा करमणूक या रूपात दिली तर फक्त दंड. ही सवलत भारतीय न्याय संहितेच्या कलम १७३ मध्येही जशीच्या तशी आली आहे. शंभर वर्षांत नोटेची आणि बाटलीची शिक्षा काही एक झाली नाही.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३ खाली लाचखोरी हा ‘भ्रष्ट आचार’ ठरतो आणि त्यापायी निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. पण दारू उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने वाटली हे उच्च न्यायालयात सिद्ध करावं लागतं. कत्तलीच्या रात्री, म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्री, पेटी पोचवणारा गडी उमेदवाराचं नाव घेत नाही आणि पिणारा साक्षीला येत नाही. म्हणून वाटणाऱ्याला पकडण्याऐवजी विक्रीच बंद करायची, हा मार्ग सोपा वाटला. केंद्रीय कायद्यात तशी तरतूद नव्हती तोवर हे काम राज्यांच्या अबकारी कायद्यांवरच भागवावं लागे.

१९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने निवडणूक सुधारणांचा अहवाल दिला. पुढची काही वर्षं तो पडून राहिला. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असतानाच्या काळात गैरप्रकारांवर चर्चा तापली आणि १९९६ च्या दुरुस्ती कायद्याने (१९९६ चा क्रमांक २१) बरेच बदल एकदम आले: प्रचाराचा कालावधी २० दिवसांवरून १४ वर, एका उमेदवाराला जास्तीत जास्त दोन मतदारसंघ, मतदानाला पगारी सुट्टी, मतदान केंद्राजवळ शस्त्रबंदी. त्याच पुडक्यात लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ सी होतं, १ ऑगस्ट १९९६ पासून लागू.

हे कलम नीट वाचण्यासारखं आहे. मतदान क्षेत्रात, मतदान संपण्याच्या ठरलेल्या वेळेपर्यंतच्या ४८ तासांत, हॉटेल, खाणावळ, दुकान किंवा इतर कुठल्याही सार्वजनिक अथवा खासगी जागेत मादक पेय विकायचं नाही, द्यायचं नाही, वाटायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि माल जप्त. पिण्याबद्दल कलम काही बोलत नाही. घरात आधीच आणलेली बाटली परमिटवाल्याने (पिण्याचा सरकारी परवाना असलेल्याने) स्वतः उघडली तर १३५ सी लागत नाही. तीच बाटली त्याने फार्महाउसवर दहा जणांना पाजली तर ‘देणं’ आणि ‘खासगी जागा’ दोन्ही लागू पडतात. वाइन शॉप बंद असलं तरी क्लबात मिळेल, हा भ्रमही अनेकांना असतो. लायसन्स सीएल-३ चं देशी दुकान असो, एफएल-२ चं वाइन शॉप, एफएल-३ ची परमिट रूम, एफएल-४ चा क्लब किंवा बिअर शॉपी, सगळ्यांना सारखीच बंदी. तारांकित हॉटेलांनाही सूट नाही, हे निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीत लेखी कळवतो.

वेळ मोजताना चूक होते ती शेवटच्या टोकाला. कलम ‘ठरलेली वेळ’ म्हणतं. ६ वाजता केंद्राच्या आवारात रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन ८ वाजेपर्यंत मतदान चाललं तरी ४८ तास ६ लाच संपतात. गडचिरोली-गोंदियाच्या नक्षलप्रभावित भागात मतदान दुपारी ३ ला संपतं, तिथे घड्याळही ३ पासून मागे मोजायचं. मात्र ६ वाजले म्हणून शटर वर करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पाहावा लागतो, कारण राज्याच्या कायद्याखाली तो बंदी लांबवू शकतो. फेरमतदान लागलं तर त्या भागात पुन्हा बंदी.

दुसरी अडचण हद्दीची. २०२४ च्या लोकसभेला बारामतीचं मतदान ७ मे ला आणि पुण्याचं १३ मे ला होतं. खडकवासला विधानसभा क्षेत्र बारामतीत मोडतं, पण त्याचा बराच भाग पुणे महापालिकेत आहे. केवळ १३५ सी पाहिलं तर धायरीतलं दुकान ५ ते ७ मे बंद आणि शहरातलं उघडं, पुढच्या आठवड्यात नेमकं उलट. दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांत ही बंदी ओलांडता येते. म्हणूनच आयोग लगतच्या भागातही विक्री बंद ठेवायला सांगतो, राज्याच्या सीमेपलीकडचा काही किलोमीटरचा पट्टा धरून. पण लगतच्या भागात १३५ सी चालत नाही, तिथे पुन्हा राज्याचा कायदा लागतो.

हा राज्याचा कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई, आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. मूळ हेतू संपूर्ण दारूबंदीचा. आजही त्याची रचना तीच आहे: विक्री आणि सेवन मुळात निषिद्ध, लायसन्स आणि परमिट हे अपवाद. त्यामुळे दुकान बंद करायचे अधिकार त्यात भरपूर आहेत. कलम १४२ नुसार सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास जिल्हाधिकारी लेखी आदेशाने, त्यात नमूद केलेल्या वेळेपुरती विक्री बंद ठेवू शकतात. मोजणीचा ड्राय डे येतो तो इथून. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिकेचंही तसंच. १९५१ च्या कायद्यात ‘निवडणूक’ म्हणजे संसद किंवा विधिमंडळाची. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांना १३५ सी आपोआप लागत नाही, म्हणून बंदी किती तासांची हे त्या त्या आदेशात शोधावं लागतं. उलट शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघ हा विधान परिषदेचा, म्हणजे विधिमंडळाचा. मतदार तुलनेने कमी असले तरी कलम लागू, आणि मतदारसंघ बहुधा अनेक जिल्ह्यांचा. व्यावसायिकांची याबद्दलची कुरकुर मला रास्त वाटते.

कलम १४२ चा अधिकार मोठा असला तरी तो शांततेच्या कारणाला बांधलेला आहे. ४ जून २०२४ ला लोकसभेची मोजणी होती. मुंबई शहर आणि उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पूर्ण दिवस बंदी घातली होती. हॉटेलमालकांची ‘आहार’ ही संघटना उच्च न्यायालयात गेली आणि निकाल जाहीर होईपर्यंतच बंदी ठेवावी, असा आदेश मिळाला. आता मोजणीच्या दिवसाचा आदेश हातात पडला की ‘पूर्ण दिवस’ आहे की ‘निकाल जाहीर होईपर्यंत’, ही ओळ आधी वाचावी.

एवढं करून दारू थांबते का? ४८ तासांत वाटायची दारू ४८ तासांत विकत घेतलेली नसते. २०२४ च्या लोकसभेत १ मार्च ते १३ एप्रिल, म्हणजे पहिल्या टप्प्याच्याही आधी, देशभरात सुमारे ४,६५८ कोटींचा ऐवज पकडला गेला. त्यात दारू सुमारे ४८९ कोटींची. म्हणून खरं काम आचारसंहिता लागल्या दिवसापासून चालतं. राज्य उत्पादन शुल्क विभाग दुकानाची रोजची विक्री गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून बघतो. एखाद्या देशी दुकानाची उचल अचानक दुप्पट झाली की तिथे भरारी पथक पोचतं. पेट्या एकगठ्ठा न नेता चिठ्ठी द्यायची आणि चिठ्ठीवर परमिट रूममध्ये ज्याचा त्याने प्यायचं, ही जुनी युक्ती याच तपासणीतून सुटण्यासाठी आहे. तिथे विक्री किरकोळ दिसते आणि बिल नंतर एकत्र भागवलं जातं.

२,००० रुपयांच्या दंडाला कोणी भीत नाही, ती रक्कम १९९६ पासून तशीच आहे. भीती असते ती दारूबंदी कायद्याच्या कलम ५४ ची, कारण त्याखाली लायसन्स निलंबित किंवा रद्द होतं. पण ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याला तीही नाही. दुकानं बंद झाली की हातभट्टीला आणि साठा करून चढ्या भावाने विकणाऱ्याला मोकळं रान मिळतं. अशांवर पोलीस याच कायद्याचं कलम ६५ (ई) लावतात. सिंधुदुर्गात गोव्याची आणि पालघरमध्ये दमणची दारू येते, म्हणून या दोन जिल्ह्यांत तपासणी नाक्यांवर भर असतो. वर्धा आणि गडचिरोलीत बारमाही दारूबंदी असल्याने बंद करायला दुकानच नाही. तिथे निवडणुकीची सगळी मदार रस्त्यावरच्या झडतीवर.