जुन्या गाडीची पीयूसी अडते कुठं? धुराआधी आरसी तपासा

लग्नसराई तोंडावर आली की गावोगावच्या शेडमधून जुन्या गाड्या बाहेर निघतात. मुलगा पुण्याला, गाडी गावाकडं. वर्षातून चार-दोनदा चालणार. बॅटरी बदलली, चाकांत हवा भरली आणि निघाले. पहिल्याच नाक्यावर पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचा दाखला, मागतात. मग धावतपळत पीयूसी सेंटर गाठायचं आणि तिथं ऐकायचं, 'गाडी नापास आहे' किंवा त्याहून वाईट, 'तुमची गाडी सिस्टीममध्ये दिसतच नाही.'

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लोकांचे आरटीओचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. रोज हेच बघतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. इंजिन खरोखर गेलेल्या गाड्या थोड्याच असतात. बाकीच्या गाड्या कागदानं अडतात, नाहीतर तयारी न करता नेल्यामुळं.

नियम दोन ओळींचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ प्रमाणं नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही, त्यानंतर ती कायम सोबत हवी. नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, इथपर्यंत तरतूद आहे.

सहा महिने की वर्ष?

सगळ्यात जास्त माणसं इथं चुकतात. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचा सरकारी दर्जा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते. त्याआधीच्या गाड्यांची फक्त सहा महिने. शेजाऱ्यानं नव्या गाडीची पीयूसी वर्षाची काढली, म्हणून आपलीही वर्षाचीच असणार असं धरून लोक दाखला डिकीत टाकून देतात. सातव्या महिन्यात दंडाची पावती येते तेव्हा कळतं.

मग आपली गाडी कुठल्या बीएसची? फक्त सालावरून ठरवू नका. देशभर बीएस-३ लागू झालं १ एप्रिल २०१० नंतर आणि बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. मधल्या सात वर्षांत मात्र मोठ्या शहरांना बीएस-४ आधीच लागू होतं, आणि त्या पहिल्या यादीत आपल्या आसपासची दोन शहरं होती: पुणे आणि सोलापूर. म्हणजे २०११ साली एकच मॉडेल एकानं लातुरात घेतलं आणि दुसऱ्यानं सोलापुरात, तर पहिली गाडी बीएस-३ आणि दुसरी बीएस-४ असू शकते. धाराशिव-लातूरकडं एमएच १३ च्या (सोलापूरच्या) आणि सगळ्या मराठवाड्यात एमएच १२, एमएच १४ च्या (पुण्याकडच्या) सेकंडहँड गाड्या भरपूर आल्या आहेत. ती गाडी घेणाऱ्याला वाटतं, आपल्या पहिल्या गाडीसारखीच ही. प्रत्यक्षात तिची मुदत वेगळी आणि धुराची मर्यादाही कितीतरी कडक.

बीएसची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी दाखल्यावर, किंवा परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवर बघा. तिथं ती कोरी असेल, चुकीची असेल, तर दुरुस्तीला लागतो फॉर्म २२, म्हणजे गाडी विकताना कंपनीनं दिलेला दाखला. हा कागद कुणाकडंच नसतो. लोक बिल जपतात, शोरूमचं कीचेन जपतात, फॉर्म २२ हरवतात. सापडला नाही तर ज्या डीलरकडून गाडी घेतली तिथं चेसिस नंबर देऊन प्रत मागा. पहिल्या फेरीत मिळत नाही, दोनदा जावं लागतं, पण तरी मागा.

गाडी 'दिसत नाही' म्हणजे काय?

पीयूसी आता ऑनलाइन निघते आणि गाडीची माहिती 'वाहन'वरूनच उचलली जाते. जुन्या गाड्यांची नोंद कागदी आरसी पुस्तकात होती. त्यातल्या काही संगणकावर चढल्याच नाहीत, काहींचा चेसिस नंबर चढवताना एखादं अक्षर चुकलं. चूक कार्यालयाची असते, हेलपाटे मात्र मालकाला घालावे लागतात. याचा मला मनापासून राग येतो, पण रागानं नोंद होत नाही. मूळ आरसी पुस्तक, कर भरल्याच्या पावत्या आणि विमा घेऊन बॅकलॉग नोंदीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी, अर्ज करावा लागतो, आणि तो गाडी मुळात नोंदली त्या कार्यालयात. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. त्याआधीची हिंगोलीकडची गाडी एमएच २२ ची आहे, म्हणून तिची चौकशी परभणीतून सुरू होते. एमएच ३८ च्या, म्हणजे हिंगोलीच्या कार्यालयात रांग लावून दिवस घालवू नका.

दुसरा अडसर मोबाइल नंबरचा. २०२१ पासून पीयूसी दाखल्याचा नमुना देशभर एक झाला आणि त्यात मालकाचा मोबाइल नंबर बंधनकारक आहे. आरसीला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, आधीच्या मालकाचा असतो, किंवा एजंटनं घाईत स्वतःचाच टाकलेला असतो. ओटीपी जातो तिकडं आणि तुम्ही उभे इकडं. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर बदलता येतो, पण चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि तारखा नोंदीशी तंतोतंत जुळाव्या लागतात. हे काम घरी बसून, आदल्या दिवशी करा. सेंटरच्या दारात उन्हात उभं राहून होत नाही.

तिसरा, गॅस किट. जुन्या व्हॅनना नंतर बसवलेलं एलपीजी किंवा सीएनजी किट आरसीवर चढवलेलं नसेल, तर आरसी म्हणते पेट्रोल आणि डिकीत टाकी. किट आधी आरसीवर चढवून घ्या, नाहीतर पुढं पासिंगला निरीक्षक हमखास हरकत घेतो.

गाडी नेण्याआधी

पेट्रोल गाडीत नळी सायलेन्सरमध्ये घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के आणि १,५०० पीपीएम. बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, शिवाय इंजिन मिनिटाला साधारण २,५०० फेऱ्यांवर ठेवून आणखी एक मोजणी होते. डिझेलचा धूर किती दाट, हे मोजतात. त्या आकड्याची मर्यादा बीएस-४ च्या आधी २.४५, बीएस-४ ला १.६२.

घरापासून सेंटर दोन किलोमीटर असेल तर थेट नेऊ नका. थंड इंजिन जास्त इंधन पितं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापल्याशिवाय काम करत नाही. पंधरा-वीस किलोमीटर चालवा आणि तशीच गरम गाडी लावा. रांग असेल तर इंजिन बंद करून तासभर बसू नका. एवढ्यानंच पास झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आपल्याकडं एअर फिल्टर लवकर चोंदतो. काळ्या रानातली धूळ, कापसाचे तंतू आणि ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर उडणारा फुफाटा, सगळं त्यातच जातं. फिल्टर चोंदला की हवा कमी, इंधन जास्त, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर. फटफट झटकून परत बसवू नका, नवा घाला. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर आयडलचं मिक्श्चर मेस्त्रीकडून जुळवून घ्या, चोक पूर्ण उघडा राहतो ना ते बघा. हायड्रोकार्बन जास्त येत असेल तर प्लग बघा. सहा महिने उभ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल असतं, तिच्यात ताजं भरून थोडी पळवा. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मोजणीच बिघडते.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून ऐका. या चाचणीत गाडी न्यूट्रलला ठेवून पुन्हा पुन्हा पूर्ण रेस करतात. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ टळून गेली असेल तर तो तिथंच तुटू शकतो, आणि तुटला की व्हॉल्व्हही वाकतात. दीडशे रुपयांच्या दाखल्यासाठी इंजिन खोलायची वेळ येते. बेल्ट, ऑइल आणि कूलंट बघितल्याशिवाय जुनी डिझेल चाचणीला लावू नका. काळा धूर फिल्टर आणि नोझलच्या कामानं कमी होतो. गरम इंजिनातून निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय, ते काम रिंगांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून फिल्टरवर पैसे घालण्याआधी मेस्त्रीला दाखवा.

नापास झाली तर

चिठ्ठी मागा. याच २०२१ च्या बदलात नापास गाडीला आकड्यांसह नकार-चिठ्ठी देण्याची तरतूद आली. 'नाही बसत' म्हणून हात झटकतात, लोक मुकाट्यानं परत येतात आणि मेस्त्री अंदाजानं भाग बदलत बसतो. चिठ्ठीवरचा आकडा दिसला की मेस्त्रीला कुठं हात घालायचा ते कळतं. सेंटरच्या यंत्रावरच शंका असेल तर तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या सेंटरवर फेरतपासणी करता येते.

महाराष्ट्रात २०२२ पासून दर ठरलेला आहे: पेट्रोल, सीएनजी, एलपीजी चारचाकीला १२५ रुपये, डिझेलला १५०. 'जास्तीचे द्या, गाडी आणायची गरज नाही' असं कुणी म्हणालं तर कृपा करून घेऊ नका. दाखल्यावर नंबर प्लेटसह गाडीचा फोटो असतो. भलताच फोटो निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, देणारा कुठंच सापडणार नाही.

पंधरा वर्षं भरत आली असतील तर

पीयूसी मिळाली म्हणजे पासिंग झाली, असं नव्हे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. सोबत आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन, चेसिस-इंजिन नंबरचा पेन्सिल प्रिंट. चारचाकीची फी ५,००० रुपये, वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००, शिवाय पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये चढत जातात, म्हणून तारीख आरसीवरूनच बघा, विम्याच्या कागदावरून नाही. पीयूसी सहा महिन्यांची असेल तर निरीक्षक गाडी बघेल त्या दिवशी ती जिवंत हवी, हे धरून काढा. आणि आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल, कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी मिळवा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर या कामाला महिनाभर हाताशी ठेवा.

गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील आता नाहीत, अशी प्रकरणं माझ्याकडं फार येतात. कुणाला घाई करवत नाही, मीही करत नाही. पण नियम सांगतो, मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. मृत्यू दाखला आणि बाकी वारसांचं संमतीचं शपथपत्र लागतं. भावा-बहिणींच्या सह्या दहाव्या-तेराव्याला सगळे जमलेले असतात तेव्हाच मिळतात. नंतर एक नाशिकला, एक हैदराबादला, आणि गाडी वर्षानुवर्षं जुन्या नावावर. तोवर वडिलांचं सिम बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतो.