ॲलर्जीच्या औषधांचा परिणाम : वेग आणि मुदत

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे ॲलर्जीचे औषध घेतल्यापासून शिंका, नाकाचे पाणी, डोळ्यांची किंवा अंगाची खाज कमी होईपर्यंत जाणारा वेळ म्हणजे त्याचा वेग, आणि तो आराम जितका टिकतो ती मुदत. गोळ्यांचा वेग साधारणपणे अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत असतो. मुदत चार तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत बदलते. नाकाचे फवारे आणि डोळ्यांचे थेंब यांचे हिशेब निराळे आहेत.

धूळ किंवा परागकण शरीरात शिरले की मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील पेशी) काही मिनिटांतच हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. ते नाक, डोळे आणि त्वचेतील एच-१ ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या त्याला जोडून घेणाऱ्या जागांवर, बसते आणि त्रास सुरू होतो. ॲलर्जीची गोळी, म्हणजे अँटिहिस्टामिन, या ग्राहींना निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवते. बाहेर पडलेले हिस्टामिन मात्र ती नष्ट करत नाही. त्यामुळे शिंकांचा भडिमार सुरू झाल्यावर घेतलेली गोळी संथ वाटते, आणि तीच गोळी माळा झाडायला चढण्याच्या दोन तास आधी घेतली तर चांगली लागू पडते. ‘किती वेळात गुण येतो’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर गोळी कधी घेतली यातच असते.

हा वेग मोजायची एक जुनी पद्धत आहे. हाताच्या आतल्या बाजूला हिस्टामिनचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात. दहा-पंधरा मिनिटांत तिथे फिकट, फुगीर गांध उठते आणि भोवती लाली पसरते. गोळी घेतल्यानंतर ठरावीक वेळाने पुन्हा टोचून गांध किती लहान झाली ते मोजतात. (‘अंगावर पित्त उठले’ असे आपण म्हणतो तेव्हाही बहुधा अशाच गांधी असतात. पित्ताचा तिथे काही संबंध नसतो.) त्वचेवरचे हे आकडे नाकाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन ही जुनी औषधे अर्ध्या ते एका तासात जाणवू लागतात आणि चार-सहा तासांनी पुन्हा घ्यावी लागतात. ती मेंदूत शिरतात म्हणून झोप येते. क्लोरफेनिरामिन रक्तात निम्मे व्हायला प्रौढांत सुमारे वीस तास लागतात. नाक पुन्हा वाहू लागले तरी औषध अंगातून गेलेले नसते, आणि रात्रीच्या गोळीची सुस्ती सकाळी गाडी चालवतानाही उरू शकते.

नव्या पिढीतील सेटिरिझिन, लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन दिवसातून एकदा पुरतात. त्यांत सेटिरिझिन चपळ, बहुधा तासाभरात गुण देणारी. थोडी गुंगी मात्र तिच्यानेही येते. लोराटाडिनला एक ते तीन तास लागतात. यकृत तिचे डेसलोराटाडिनमध्ये रूपांतर करते आणि तो पदार्थ रक्तात एक दिवसाहून अधिक रेंगाळतो, म्हणून तिची मुदत लांब. फेक्सोफेनाडिन एक-दोन तासांत लागू पडते, पण संत्रे, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतल्यास आतड्यातून नीट शोषली जात नाही. ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. मूत्रपिंड अशक्त असल्यास सेटिरिझिन शरीरात जास्त काळ राहते आणि मात्रा कमी करावी लागते. गुण येईना म्हणून तासाभरात दुसरी गोळी घेतल्याने पहिलीचा वेग वाढत नाही. दुष्परिणाम तेवढे वाढतात.

चोंदलेल्या नाकावर या गोळ्यांचा फारसा इलाज चालत नाही. ऑक्सिमेटाझोलिनचा फवारा काही मिनिटांत नाक मोकळे करतो आणि दहा-बारा तास टिकतो. इतका झटपट गुण पाहून माणूस तो सोडत नाही, आणि तिथेच फसतो: तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक औषधामुळेच पुन्हा चोंदू लागते. फ्लुटिकासोनसारखे स्टेरॉइड फवारे याच्या अगदी उलट. पहिला फरक पहिल्याच दिवशी जाणवू शकतो, पण पूर्ण गुण यायला रोज वापरून एक-दोन आठवडे जातात. दोन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली बाजूला ठेवणारे पुष्कळ. डोळ्यांसाठी किटोटिफेनचे थेंब काही मिनिटांत खाज थांबवतात, सुमारे बारा तासांसाठी.

घसा सुजणे, श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असताना गोळीची वाट पाहत बसणे धोक्याचे. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, आणि ते मिनिटांत काम करते.

औषध थांबवल्यावरही त्याचा हिशेब लगेच मिटत नाही. महिनोन्‌महिने रोज घेतलेली सेटिरिझिन बंद केल्यावर काही जणांना काही दिवसांतच तीव्र खाज सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तसा इशारा दिला. ॲलर्जीची त्वचाचाचणी करायची असेल तर या गोळ्या काही दिवस, बहुधा आठवडाभर, आधीच बंद ठेवायला सांगतात, नाहीतर टोचूनही गांध उठत नाही.