शंभरातले चव्वेचाळीस

सिमेंट कंपनी असो की विमान बनवणारी, तिचा 'सस्टेनेबिलिटी' अहवाल उघडला की ओंजळीत धरलेलं रोपटं हमखास भेटतं. पुढे छतावरचे सौर पॅनेल, एलईडी दिवे, वृक्षारोपण. यात वाईट काही नाही. पण सिमेंट कारखान्याची सगळी वीज सूर्याकडून आली तरी त्याचा मुख्य कार्बन डायऑक्साइड जागेवरच राहतो. निम्म्याहून जास्त तर इंधनातूनही येत नाही. तो येतो दगडातून.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अणुभार मांडा: कॅल्शियम ४०, कार्बन १२, तीन ऑक्सिजनचे ४८. बेरीज १००. साधारण ९०० अंश सेल्सिअसला तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा रेणुभार १२ अधिक ३२, म्हणजे ४४. थोडक्यात, १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत घाला. ५६ किलो चुना हाती लागतो, ४४ किलो वायू होऊन जातो. पुढे १४५० अंशांच्या आसपास हा चुना सिलिकाशी संयोग पावतो आणि क्लिंकरचे करडे खडे तयार होतात; तेच दळले की सिमेंट. भट्टी कोळशाऐवजी हायड्रोजनवर पेटवा नाहीतर विजेवर तापवा, ४४ चे ४३ होत नाहीत. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे, तो मुख्यतः या हट्टी आकड्यामुळे.

मग क्लिंकरच कमी वापरायचं. एलसी३ नावाच्या सिमेंटमध्ये ते जवळपास निम्मंच असतं. बाकी भाजलेली केओलिनयुक्त (केओलिन हे मातीतलं एक खनिज) चिकणमाती, न भाजलेल्या चुनखडीची पूड आणि थोडं जिप्सम. गंमत चिकणमातीत आहे. तिच्या स्फटिकात कार्बोनेट नसतं, हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. ७०० ते ८५० अंशांना त्यांचं पाणी होऊन निघून जातं, थरांची शिस्त मोडते आणि अॅल्युमिनियम क्रियाशील होतं. पाणी घातल्यावर ते चुनखडीच्या पुडीशी जुळून कार्बोअॅल्युमिनेट नावाचं संयुग बनवतं आणि काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रं भरतं. उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटतं.

विमानातही तोच ४४. केरोसीनमध्ये एका कार्बनमागे साधारण दोन हायड्रोजन, वजन १४. जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जाऊन त्या १४ चे ४४ होतात, म्हणून १ किलो इंधनातून साधारण ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जैवइंधन टाकलं तरी इंजिनातून जवळपास तेवढाच निघतो. फक्त त्यातला कार्बन वनस्पतींनी नुकताच हवेतून घेतलेला असतो. तिकिटासोबत झाडं 'विकत घेऊन' उड्डाण शून्य-कार्बन झालं म्हणणं मात्र दक्षिणा देऊन पाप फेडण्यातलाच प्रकार.

विमान दोन-अडीच दशकं उडतं. त्या इंधनापुढे ते बनवणाऱ्या कारखान्याचं वीजबिल किरकोळ, आणि हा हिशेब अहवालात 'स्कोप ३' (कंपनीच्या स्वतःच्या कामाबाहेर, पण तिच्या मालामुळे किंवा पुरवठादारांकडून होणारं उत्सर्जन) खाली, अकराव्या वर्गात सापडतो: विकलेल्या उत्पादनांचा वापर. विमान बनवणाऱ्या कंपनीचा अहवाल मी तिथूनच वाचायला घेतो. सिमेंटच्या अहवालात क्लिंकरचं प्रमाण शोधतो, आणि घट 'प्रति टन' दाखवली असेल तर एकूण किती टन विकलं, हेही.