चवथीनंतर दम का लागतो?

चवथ आटोपली, पाऊस ओसरला की पणजीच्या मिरामार ते दोनापावल रस्त्यावर धावणारे पुन्हा दिसू लागतात. वर्षअखेरच्या हाफ मॅरेथॉनचा, म्हणजे 21.1 किलोमीटरचा, बेत मे महिन्यातच ठरलेला असतो. मध्येच पाऊस, ताप आणि घरचं माटोळीपासून (गणपतीच्या वर बांधायची फळा-पानांची सजावट) विसर्जनापर्यंतचं काम येतं आणि तीन आठवडे सराव सुटतो. परतल्यावर दुसऱ्याच किलोमीटरला धाप लागते. ‘केलेलं सगळं गेलं’ असं समजून बरेच जण इथेच बेत सोडून देतात. पण तीन आठवड्यांत प्रामुख्याने कमी झालेलं असतं ते रक्तातलं पाणी, आणि तेच सगळ्यात लवकर भरून येतं.

रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव. नियमित धावणाऱ्याच्या शरीरात तो वाढतो. मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, यकृतात तयार होणारं अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तात वाढतं, आणि एक ग्रॅम अल्ब्युमिन साधारण 18 मिलिलिटर पाणी रक्तवाहिनीत रोखून धरतं. सराव थांबला की शरीर हा जादा साठा काही दिवसांतच सोडून देतं. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे त्या एवढ्या झटपट घटत नाहीत.

साठा घटला की हृदयात परतणारं रक्त कमी होतं. हृदयाचा स्नायू भरताना जितका ताणला जातो तितक्या जोराने आकुंचन पावतो; कमी भरला तर ठोकाही लहान. विहिरीतलं पाणी खाली गेल्यावर चांगला पंपही कमी पाणी फेकतो, तसंच हे. आता हिशेब पाहा. एका ठरावीक वेगाला मिनिटाला 15 लिटर रक्त लागतं आणि दर ठोक्याला 120 मिलिलिटर बाहेर पडतं असं धरा. म्हणजे 125 ठोके. ठोका 12 टक्क्यांनी लहान झाला तर त्याच वेगाला 142 ठोके लागतील. घड्याळातला हा आकडा पाहूनच माणूस घाबरतो.

12 टक्के हा आकडा प्रयोगातला आहे. टेक्सास विद्यापीठातल्या एडवर्ड कॉइल यांच्या गटाने 1986 मध्ये आठ कसलेल्या खेळाडूंचा सराव दोन ते चार आठवडे बंद ठेवला. रक्ताचं आकारमान 9 टक्क्यांनी आणि व्यायामात दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त 12 टक्क्यांनी घटलं. मग शिरेतून डेक्स्ट्रानचं द्रावण देऊन रक्ताचं आकारमान भरून काढलं, तेव्हा एकही दिवस सराव न करता ठोका जवळपास पूर्ववत झाला. याचा अर्थ सलाइन लावून घ्यावी असा नाही. डेक्स्ट्रानचे रेणू मोठे असतात म्हणून ते रक्तवाहिनीत टिकतात. साध्या सलाइनचा बराचसा भाग थोड्याच वेळात ऊतींमध्ये झिरपतो. ‘रक्तशुद्धी’च्या पावडरी आणि ‘डिटॉक्स’चे रस यांनी तर प्लाझ्मा वाढतच नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

कॉइल यांच्याच 1984 च्या अभ्यासात 84 दिवसांच्या खंडानंतरही प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता 16 टक्क्यांनीच घटली होती, आणि स्नायूंतल्या केशवाहिन्यांची दाटी कायम होती.

मग परतायचं कसं? पहिला आठवडा सराव सुटण्यापूर्वीच्या निम्मं अंतर, एक दिवसाआड, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगाने. घड्याळातल्या वेगाकडे पाहू नका. पणजीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो; वाळला नाही तर तो अंग थंडही करत नाही, म्हणून पहाटेच निघा. परतल्यावर मीठ घातलेली पेज किंवा मिठाचं कोकम सरबत घ्या, कारण मिठाशिवाय प्यायलेलं पाणी लघवीवाटे लवकर निघून जातं. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. प्लाझ्मा साधारण एक ते दोन आठवड्यांत परत येतो.

खरा घात होतो तो त्यानंतर. दम सुधारलेला असतो, म्हणून माणूस एकदम जुनं अंतर धरतो. पण टाचेमागचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, अजून तयार नसतो. धावल्यानंतर पहिले 24 ते 36 तास कंडऱ्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाची झीज भरपाईपेक्षा जास्त असते. रोज धावलं तर भरपाईला वेळच मिळत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही मधला दिवस सोडू नका. त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून दोन्ही पायांनी वर उठा आणि एका पायाने, तीन-चार सेकंद घेत, टाच खाली न्या. प्रत्येक पायाने 15 वेळा, तीन फेऱ्या. सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या पावलांना टाचेमागे दुखलं आणि ते रोज वाढत गेलं, तर अंतर पुन्हा निम्म्यावर आणा. खंड तापामुळे पडला असेल आणि धावताना छातीत दुखलं किंवा धडधड अनियमित वाटली, तर लगेच थांबा आणि ईसीजी काढून घेईपर्यंत बूट घालू नका.