त्वचेवरचे तपकिरी डाग

त्वचेवरचे तपकिरी डाग म्हणजे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद दिसणारे ठिपके किंवा चट्टे, बहुतेक वेळा त्या जागी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त झाल्याने उठलेले. लोक यालाच पिगमेंटेशन म्हणतात, चेहऱ्यावरच्या मोठ्या चट्ट्यांना वांग म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द सर्रास कुठल्याही डागाला लावतात, गडबड तिथूनच सुरू होते. तपकिरी डाग हा काही एक आजार नाही, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी वरून सारख्या दिसतात आणि एकीवर चालणारा उपाय दुसरीवर उलटतो. म्हणून डाग कुठला हे आधी बघायचं, क्रीम कुठलं ते नंतर.

त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी मेलॅनोसाइट पेशी असतात. एकेक पेशी आपल्या फांद्यांसारख्या हातांनी आसपासच्या ३०-४० पेशींना रंगाचे दाणे पुरवते, आणि हे दाणे त्या पेशींत गेल्यावर केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, छत्री धरल्यासारखे जमतात, म्हणजे आतला डीएनए वाचतो. म्हणजे रंग वाढवणं ही शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली धडपड आहे. हे कळलं की डाग घासून का जात नाही तेही कळतं, घासणं ही पण इजाच, आणि इजा झाली की या पेशी अजून रंग बनवतात.

आता प्रकार. लहानपणापासून नाका-गालावर बारीक ठिपके, उन्हाळ्यात गडद आणि थंडीत फिके, हे फ्रेकल्स, गोऱ्या त्वचेत जास्त, त्वचेच्या रंगात हात असलेल्या एमसी१आर जीनशी संबंध, त्रास काही नाही. चाळिशीनंतर हाताच्या पाठीवर, चेहऱ्यावर स्पष्ट कडांचे सपाट डाग येतात ते वर्षानुवर्षांच्या उन्हाचे. इंग्रजीत त्यांना लिव्हर स्पॉट म्हणतात पण यकृताशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

वांग वेगळं. गालाची हाडं, कपाळ, वरचा ओठ, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखंच. बायकांमध्ये जास्त, गरोदरपणात किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी उठतं किंवा वाढतं, पण पुरुषांनाही होतं. ऊन, उष्णता, एवढंच नाही तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा याला पुरतो, म्हणून वांग सगळ्यात चिवट.

आणि मग जखमेनंतरचे डाग, सावळ्या त्वचेत हे फार. हनुवटीवर एक पिंपल येतो, आरशासमोर उभं राहून नखाने फोडला जातो, खपली धरते, तीही ओढली जाते, खाली गुलाबी त्वचा दिसते आणि काही आठवड्यांनी तिथे टिकलीएवढा तपकिरी ठिपका बसलेला असतो. पिंपल आठवड्यात जातो, डाग महिनोन्‌महिने राहतो. इथे पिंपलचा इलाज हाच डागाचा इलाज, नवीन पिंपल येत राहिले तर डागावर कितीही लावा, उपयोग नाही.

मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळपट त्वचा होते ती अजून निराळी. ती बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. मळ समजून लहान मुलांची मान खसाखसा घासली जाते तेव्हा खरंच वाईट वाटतं, त्या मुलाला घासणीची नाही, तपासणीची गरज असते.

उपायांत पहिलं सनस्क्रीन, आणि तेही पुरेशा प्रमाणात. एसपीएफ ३० नीट लावलं तर उन्हातली त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडतात, पण बहुतेक लोक फार थोडं लावतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यावं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. उन्हातलीच दुसरी, यूव्हीए किरणं खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात, त्यामुळे घरात खिडकीशी बसणाऱ्यांनीही लावावं. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त कामाचं, दिसणारा प्रकाशही ते अडवतं.

औषधांत हायड्रोक्विनोन जुनं आणि परिणामकारक, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि काही महिन्यांपुरतंच, वर्षानुवर्षं लावलं तर निळसर काळे डाग पडू शकतात जे घालवणं महाकठीण. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड सौम्य. ट्रेटिनोइन चालतं पण गरोदरपणात नको. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वांगावर देतात, मात्र रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असणाऱ्यांना त्या चालत नाहीत, म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. उन्हाच्या डागांवर लेझर चांगलं काम करतं, तेच वांगावर केलं तर कधी कधी आधीपेक्षा गडद होऊन परत येतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतात ती स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, माणूस खूश होऊन ट्यूबमागून ट्यूब वापरतो, आणि थांबवलं की लाली, जळजळ, पिंपल, पातळ झालेली त्वचा, कधी चेहऱ्यावर केस. गोरं करणाऱ्या काही क्रीमांमध्ये तर पारा सापडतो, त्याने किडनी आणि नसा खराब होतात. लिंबू चोळून उन्हात जाणंही नको, त्यातली काही द्रव्यं उन्हाने त्वचा भाजवतात आणि नवाच डाग देतात.

वेळ लागतो हे धरूनच चालावं. वरच्या थरातल्या रंगात फरक दिसायला दोन-तीन महिने, आणि खोलवर गेलेला, राखाडी-निळसर दिसणारा रंग त्याहून कितीतरी हळू जातो, कधी पूर्ण जातही नाही.

काही डागांना मात्र थांबायचं नसतं. एक अर्धा दुसऱ्यासारखा नाही, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा बदलत चाललेला, खाजणारा, रक्त येणारा, असा डाग लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा, मेलॅनोमा हा कॅन्सर असा दिसू शकतो. सावळ्या लोकांत तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळ्या रेषेसारखा सुरू होतो, म्हणजे नेमकं तिथे, जिथे आपण आरशात कधी बघतच नाही.